कालव्यातलं विसर्जन

"काका, तुमच्या लघवीच्या पिशवीत अंडी सापडली आहेत," डॉ. रेहाना शिकलगार म्हणाल्या.

मी पद्माकडे पाहिलं. पद्मानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नापासून तिला माझ्याबद्दल जी शंका होती ती आज पुराव्यानिशी खरी ठरली होती. आम्ही जैन. चातुर्मासात आमच्या घरी कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो.

"कोंबडीची?" तिनं विचारलं.

"नाही काकू. कृमीची."

"मग ठीक आहे," पद्मा म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची ती खोली होती. मला लघवीतून रक्त जात होतं म्हणून सर्जननी दुर्बिणीतून एक गाठ खरवडून काढली होती आणि ती तपासायला खाली पाठवली होती. पॅथॉलॉजीचे डॉक्टर सहसा पेशंटला भेटत नाहीत, त्यांची ओळख नुसत्या तुकड्याशी असते. पण रेहानाबाईंनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वय असेल तिशी-बत्तिशीचं. आनंद लपवण्याचा त्या प्रामाणिक प्रयत्न करत होत्या, पण तो काही लपत नव्हता.

"गाठ कॅन्सरची आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण वरवरची आहे, वेळेत निघाली आहे. आता जरा इकडे बघा."

मी साखर कारखान्यातला केमिस्ट. उभा जन्म मायक्रोस्कोपखाली साखरेचे दाणे बघण्यात गेला. डोळा लावला तर गुलाबी-जांभळ्या पसाऱ्यात एक लांबट, टणक झालेलं अंडं, आणि त्याच्या एका टोकाला काटा. स्वतःच्या पोटातली वस्तू इतकी रेखीव असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काका, आफ्रिकेत होतात कधी?"

"सुदानला. साखर कारखान्यात."

"तिथं नदीत, तळ्यात, कालव्यात उतरलात?"

"मला पोहता येत नाही."

"उभं राहायला पोहता यावं लागत नाही."

मी विचार केला. "गणपती विसर्जनाला उतरायचो," मी म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. "सुदानमध्ये?"

"गणपती सगळीकडे असतो," पद्मा म्हणाली. एवढं बोलून ती उरलेली भेट गप्प राहिली, कारण त्या विसर्जनांना ती काठावर कोरडी उभी असायची आणि आपण किती शहाणपण केलं हे तिला नुकतंच कळलं होतं.

कारखान्यावर आम्ही मराठी माणसं तीन. मी, टर्नर बाजीराव टिपुगडे आणि चीफ इंजिनियर दत्ताजीराव घोरपडे. घोरपडे साहेब कोल्हापूरचे. मिशी अशी, की सुदानी मजूर त्यांना आधी सलाम करायचे आणि मग ते कोण हे विचारायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी मंडळ स्थापन केलं आणि स्वतः अध्यक्ष झाले. कालव्याकाठच्या मातीचा गणपती टिपुगडे करायचे. लेथवर घडलेला टर्नरचा हात असल्यामुळे मूर्तीचं पोट अगदी मापात गोल यायचं, सोंड मात्र दर वर्षी वेगळी.

विसर्जन भर दुपारी असायचं. गाळपाचा हंगाम नसला तरी दुरुस्तीची कामं चालू असत आणि गणपतीसाठी सुट्टी मिळत नसे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मिरवणूक निघायची. कालव्यावर इद्रिस नावाचा म्हातारा राखणदार होता. पहिल्या वर्षी तो हात पसरून आडवा आला.

"दुपारी पाण्यात नको," तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "गोगलगाई आहेत. मग लघवीतून रक्त जातं. आमच्याकडे पोरासोरांना जातं."

"ह्याला सांग," घोरपडे साहेब मला म्हणाले, "की मी पंचगंगेत पुरात पोहलेला माणूस आहे. गोगलगाईला भिऊन परत गेलो तर तालमीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की साहेब आभारी आहेत. इद्रिस बाजूला झाला आणि सावलीत जाऊन बसला.

काठावरून सोडूया असं एकदा टिपुगडे सुचवून बसले होते. साहेब कडाडले, "काठावरनं टाकायला त्यो काय चोथा हाय? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून आरती झाली पाहिजे. सगळ्यांनी उतरायचं. अध्यक्ष म्हणून सांगतोय."

सगळे म्हणजे आम्ही तिघं. मूर्ती साहेबांच्या हातात, टाळ टिपुगड्यांच्या, आणि माझा डावा हात साहेबांच्या कमरेच्या पट्ट्यात, कारण मला बुडायची भीती वाटायची. सुदानमध्ये होतो तोवर दर वर्षी हे असंच.

"किती वेळ उभे असायचात?" रेहानाबाईंनी विचारलं.

"घोरपडे साहेबांना सगळ्या आरत्या येतात. सगळी कडवी पाठ."

"म्हणजे पुष्कळ वेळ," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. गोगलगाईतून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं उन्हाच्या वेळी पाण्यात उतरतात आणि माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे लघवीच्या पिशवीभोवतीच्या शिरांमध्ये नर-मादी संसार थाटतात. अंडी घातली जातात, ती पिशवीच्या भिंतीत अडकतात, भिंत वर्षानुवर्षं सुजत राहते आणि एखाद्या दिवशी तिथली एखादी पेशी बिथरते.

"पेशी बिथरू नये म्हणून तिथं एक वॉचमन असतो. पी-त्रेपन्न त्याचं नाव. तो बिघडला की पेशीत साठून राहतो, आणि आमच्या रंगाला तपकिरी दिसतो. अशा खुणांना आम्ही मार्कर म्हणतो. तुमचा तुकडा रंगवलाय. तपकिरी फार थोडं आहे."

"म्हणजे माझा वॉचमन जागा आहे."

"बहुतेक. म्हणून सध्या पिशवी ठेवता येईल. कृमी जिवंत असलाच तर त्याचं औषध देऊ आणि दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून बघू. पण काका, खात्री देत नाही. मार्करवरून पुढचं किती सांगता येतं याचे आकडे इजिप्तचे आहेत. आपल्याकडे असे पेशंटच नाहीत." त्यांनी वही पुढे ओढली. "तुमच्याबरोबर पाण्यात आणखी कोण होतं? मला नुसतं अभ्यासासाठी नको आहे. त्यांच्यात असं काही असेल तर आत्ताच सापडायला हवं."

सांगलीहून मिरजेला मी पेशंट म्हणून गेलो होतो. परत आलो तो मंडळाचा चिटणीस होऊन.

नमुना कसा द्यायचा तेही बाईंनी सांगितलं होतं. वेळ दुपारची हवी आणि आधी थोडा व्यायाम हवा. जिना चढउतार करा, उड्या मारा, म्हणजे पिशवीच्या तळाचं वर येतं. इतक्या वर्षांनी अंडी येतीलच असं नाही, पण रक्त आणि बिथरलेल्या पेशी असल्या तर दिसतील.

टिपुगडे इचलकरंजीला असतात. त्यांना फोन केला तर पठ्ठ्या दुसऱ्याच दिवशी स्वतः मिरजेला हजर. हातात गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन. "कमी पडाय नको म्हणून," ते म्हणाले. रेहानाबाईंनी त्यातलं चमचाभर घेतलं, वरच्या सर्जननी दुर्बिणीतूनही पाहून घेतलं. त्यांच्यात काही निघालं नाही. उरलेला कॅन टिपुगड्यांनी मान खाली घालून परत नेला.

राहिले घोरपडे साहेब. मी फोनवर सगळं सांगितलं.

"डाक्टरीण नक्की म्हणते? कालव्यातलंच?"

"दुसरीकडे मी पाण्यात उतरलो कुठे?"

"आणि तुझं कसं हाय?"

"बरं आहे. साहेब, नमुना द्या. हवं तर मी घ्यायला येतो."

"गणपतीच्या पाण्यानं रोग होतो म्हणतोस? विघ्नहर्त्यानं विघ्न दिलं? अध्यक्षाला हे सांगतोस?"

"गणपतीचा काही संबंध नाही. गोगलगाईनं केलंय."

"मला कायबी होत नाही. ठेवतो," म्हणाले, आणि ठेवला.

मला वाटलं, धर्म आडवा आला. माणूस सनदशीर मार्गानं बधणारा नव्हता, म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. मग एका सकाळी त्यांच्या घरून वहिनीसाहेबांचा फोन आला. आवाज दबका.

"भावजी, ह्यांची लघवी तांबडी हुतीया. मी बघितलंय. इचारलं तर म्हणाले, बीट खाल्लंय."

तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. युरोपात साखर बीटापासून करतात. घोरपडे साहेब उसाचे माणूस. बीटाला त्यांनी आयुष्यभर वैऱ्यासारखं वागवलं होतं. सुदानमधल्या मेसमध्ये एकदा कोशिंबिरीत बीट आलं तेव्हा ते ताटावरून उठले होते. त्या घरात बीट येणं म्हणजे आमच्या घरात कोंबडी येण्यासारखं होतं.

"वहिनी, किती दिवस?"

"दिवाळीपासनं म्हणायचं. भावजी, तुम्हीच या. दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत."

मी दवाखान्यातली बाटली रुमालात गुंडाळली आणि कोल्हापूरची एसटी धरली. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. साहेब सोप्यात आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. मिशी जागेवर होती, पण तिच्यामागचा चेहरा उतरला होता.

"ये. जेवूनच जा. आज काय काढलंस?"

मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी पेपर तिच्यावर पांघरला.

"साहेब, बीट कधीपासून खाताय?"

"हिनं सांगितलं व्हय?" स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. "डाक्टरांनी सांगितलंय. रक्ताला चांगलं असतं."

"कुठल्या डाक्टरनी?"

"हाय एक."

"त्याला साखरेतलं काही कळत नाही."

त्यांना हसू आलं ते त्यांनी मिशीत थोपवलं. मग खिडकीबाहेर बघत पुन्हा तेच विचारलं, "मगदूम, तुझं कसं हाय? खरं सांग."

"सांगितलं की. वरवरची गाठ होती. पिशवी शाबूत आहे."

"पण कॅन्सरच न्हवं त्यो?"

"कॅन्सरच."

"आणि डाक्टरीण म्हणती त्यो कालव्यातनं आला. नक्की कालव्यातनं?"

हे ते दुसऱ्यांदा विचारत होते. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होता, ती चालू होईना. मी साहेबांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा पट्ट्याच्या बक्कलवरून फिरत होता, मागेपुढे, मागेपुढे.

"टिपुगडे म्हणत हुता, काठावरनं सोडूया," ते म्हणाले. "त्यो म्हातारा आडवा पडला हुता. तुला तर पाण्याची भीती. सगळ्यांनी उतरायचं, म्हणून कुणी सांगितलं? माझी बाटली तपासायची, आन् त्यात बी तेच निघालं, की मग ते कालव्यातलंच. मग काय शंका राहतीया?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस रोगाला भीत नव्हता, गणपतीचा अपमान झाला म्हणून चिडलाही नव्हता. माझ्या पिशवीतली अंडी आपण घातली, असं त्याचं ठरलं होतं. आणि बाटली रिकामी राहील तोवरच त्यात थोडी शंकेला जागा होती. त्या जागेवर तो माझ्या फोनपासून बसला होता.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"साहेब, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. माझं कालव्यातलं नसेलही. पंपहाऊसच्या मागं ते डबकं होतं बघा. मी दर शुक्रवारी तिथं एकटाच पोहायला जायचो."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"पोहायला."

"होय."

"तू."

"होय. चांगला तासभर."

"कुठल्या हातानं?"

"म्हणजे?"

"तुझा डावा हात माझ्या पट्ट्यात असायचा. म्हणून इचारतो."

स्वयंपाकघरातून वहिनींचा हसल्याचा की रडल्याचा, कसला तरी आवाज आला. मी खाली बघत बसलो. साहेबांच्या मिशीचं उजवं टोक जरा हललं. मग ते म्हणाले,

"इतकी वर्षं लॅबमध्ये रिपोर्ट लिहिलास. मालकानं सांगितलं तरी उसातल्या साखरेचा उतारा एका काडीनं वाढवला नाहीस. मगदूम, खोटं बोलायची सवय नसताना एवढं मोठं बोलू नये माणसानं."

"बरं."

"एकट्यानं पोहतोय म्हणे. आणि तिथं हुती मगर." त्यांनी पेपर उचलला आणि बाटलीकडे बघितलं. "ही एवढीशी?"

"टिपुगड्यांनी कॅन नेला होता."

"त्यो टर्नर हाय, माप सोडून वागतोय म्हणजे कमाल झाली." ते उठले. "काय करायचं म्हणालास आधी?"

"जिना चढउतार. नाहीतर उड्या मारायच्या."

"घोरपडे उड्या मारत नसतात," ते म्हणाले आणि परसात गेले. सदरा काढून खुंटीला अडकवला, पट्टा आवळला आणि भर उन्हात बैठका घालायला लागले. साठी उलटलेला माणूस, लघवीतून रक्त जाणारा. मी मध्ये दोनदा "पुरे" म्हणालो. "अध्यक्ष कोण हाय?" एवढंच उत्तर आलं. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शेजारची एक बाई गच्चीवर सांडगे घालत होती, ती हातातलं पीठ विसरून बघत राहिली.

घाम निथळत ते बाटली घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा बाटली टॉवेलात गुंडाळलेली होती. माझ्या हातात देताना त्यांनी टॉवेल जरासा बाजूला केला. आत गडद तांबडं.

"बीट," ते म्हणाले.

"बीटच," मी म्हणालो.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. दुर्बीण घातली, गाठ निघाली, अंडीही निघाली, काट्यासकट. रेहानाबाईंनी त्यांना तळमजल्यावर बोलावलं तेव्हा साहेबांनी मला बरोबर घेतलं. त्यांच्या तुकड्यात पेशीमागून पेशी तपकिरी होती. गुळाच्या करपलेल्या काहिलीचा तळ दिसतो, तसं.

"हा वॉचमन झोपलाय," साहेब म्हणाले. मी त्यांना वाटेत सगळं समजावून ठेवलं होतं.

"हो. आणि गाठ स्नायूपर्यंत गेली आहे. नुसत्या रंगावरून मी काही म्हणाले नसते, पण दोन्ही मिळून... सर्जन पिशवी काढा म्हणतायत. मलाही तेच वाटतं. लघवी मग पोटावरच्या एका पिशवीत जमा होईल."

"काढली तर?"

"तर पुढच्या गणपतीला तुम्ही असाल असं मला वाटतं."

"आणि नाही काढली तर?"

बाईंनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"काढा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ह्याची राहिली न्हवं? मग झालं."

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरानं भेटायला गेलो तर साहेब उठून बसले होते. मला बघताच सदरा वर करून पोटावरची पिशवी दाखवली. इंजिनियर खूश होता. "हा खालचा व्हॉल्व्ह बघ. एक थेंब गळत नाही. असा व्हॉल्व्ह कारखान्याला मिळाला असता तर निम्मी दुरुस्ती वाचली असती." वहिनी म्हणाल्या, आल्या-गेल्या सगळ्यांना दाखवतात, परवा पोस्टमनलाही दाखवली.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला मी आणि पद्मा कोल्हापूरला गेलो. पंचगंगेच्या घाटावर महापालिकेनं लोखंडी हौद ठेवला होता. मूर्ती हातात घ्यायला स्वयंसेवक होते, पाण्यात कुणी उतरायचं नव्हतं. साहेब काही म्हणतील म्हणून मी धास्तावलो होतो, पण ते हौदापासून चांगले हातभर लांब उभे राहिले. टिपुगडे टाळ घेऊन आले होते. साहेब सैल सदऱ्यात होते. पट्टा आता बांधत नव्हते, पिशवीवर दाब येतो म्हणून.

आरती सुरू होणार तेवढ्यात माझा डावा हात सवयीनं त्यांच्या कमरेकडे गेला आणि तिथं काही सापडेना म्हणून हवेतच राहिला. साहेबांनी ते बघितलं.

"खांदा धर," ते म्हणाले.

"साहेब, आपण जमिनीवर आहोत."

"दिसतंय मला. धर."

मी धरला. मग त्यांनी आरती सुरू केली. त्यांना अजून सगळी कडवी पाठ होती.